उजेडावर वाजणारा लेहरा

आमच्या तबल्याच्या क्लासची स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात हिरा ओव्हाळवर मी लिहावं, असं कादंबरीने ठरवलं. कादंबरी म्हणजे क्लास चालवणारी. वयाने माझ्या लेकीएवढी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. "वासंतीताई, तुम्ही तिला सगळ्यात जवळून ओळखता," म्हणाली. ओळखते ना. म्हणूनच तर पंचाईत आहे. स्मरणिकेला लागतात तशा गोड ओळी मी देईन लिहून, पण त्याआधी खरं काय ते एकदा कागदावर काढून टाकते. होय, हिराचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. ते लपवायचं माझं वय राहिलेलं नाही.

आधी माझं काम सांगते, कारण ते कुणाला माहीत नसतं. तबला एकटाच वाजायचा असतो तेव्हा शेजारी पेटीवर कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत बसावं लागतं. तिला लेहरा म्हणतात. सोळा मात्रांची, म्हणजे सोळा ठोक्यांची ओळ, संपली की परत पहिल्यापासून. त्यातली पहिली मात्रा म्हणजे सम. तबलेवाला कुठेही भटकून येवो, त्याने यायचं त्या समेवर, आणि तो नेमका आला की लोक "वा!" म्हणतात. त्याला म्हणतात, पेटीला नाही. मी चाळीस वर्षं लेहरा देते आहे. निवेदक माझ्या नावापर्यंत पोचतो तेव्हा लोक चपला शोधायला लागलेले असतात.

माझे यजमान श्रीनिवासराव म्हणतात, "तू भिंतीवरचं घड्याळ आहेस. चालू आहे तोवर कुणी बघत नाही." त्यांच्या मते हे कौतुक आहे.

पण एक गोष्ट मला जमते ती भल्याभल्यांना जमत नाही. मी सांभाळून घेते. वाजवणारा घाबरून एक मात्रा आधी समेवर येऊन आदळला, तर माझं बोट त्याच्या आधी तिथे पोचलेलं असतं. तो जिथे आला तीच सम, असं मी खुशाल ठरवून टाकते आणि ओळ तिथून पुढे नेते. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, बऱ्याचदा वाजवणाऱ्यालाही लागत नाही. क्लासमधली किती पोरं माझ्या जिवावर परीक्षा पास झाली असतील, देव जाणे. कसबा पेठेत माझ्याइतकी मायाळू पेटी दुसरी नाही, असं मीच माझ्याबद्दल म्हणते, कारण दुसरं कुणी म्हणणार नाही.

तर हिरा. ती क्लासला आली ती निवृत्त झाल्यावर. उंच, सडसडीत, केस बारीक कापलेले, खांद्याला शबनम. टेलिफोन खात्यात इंजिनिअर होती. जन्म हडपसरचा, हडपसर गाव होतं तेव्हाचा. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. वडील पोपटराव कारखान्यात फिटर होते आणि भीमगीतांच्या जलशात ढोलकी वाजवायचे. घरात ढोलकी खुंटीला टांगलेली असायची, पण पोरीने हात लावला की पोपटराव ओरडायचे, "आधी पुस्तक. ढोलकी कुठं पळून जात नाय!" पोरीने पुस्तक धरलं. पदवी घेतली, खात्याची परीक्षा दिली, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला लागली. तिथे भिंतभर रिले, म्हणजे विजेवर चालणारी बटणं असत, कुणी नंबर फिरवला की एकामागून एक खटखट वाजायचे. हिरा म्हणते, ड्युटीवर बसल्या बसल्या तिची बोटं टेबलावर तो ठेका धरायची. वडील गेले, ढोलकीचं कातडं फाटलं, रिले जाऊन कॉम्प्युटर आले. बोटांचं राहूनच गेलं. मग निवृत्त झाल्या महिन्यात तिने आमच्या जिन्यात येऊन विचारलं, "साठीला तबला शिकवतात का इथे?"

लग्न तिने केलं नाही. का, ते मी एकदा विचारलं. "शिफ्ट ड्युटी होती," म्हणाली.

आता मला सांगा, अशा बाईचा हेवा वाटणार नाही तर कुणाचा वाटेल? स्वतःचं पेन्शन, स्वतःचा फ्लॅट, जेवायला काय करू असं कुणाला विचारायचं नाही. वर बोटं अशी की आठ वर्षं घासणाऱ्या पोरांना जो बोल सुटत नाही, तो हिने पहिल्या वर्षात सोडवला. आणि शंका विचारायची तर लाज म्हणून नाही. क्लासमध्ये सगळ्यांसमोर हात वर करून "मला हे कळलं नाही" म्हणणारी साठ वर्षांची बाई मी तोवर पाहिली नव्हती. मला अजूनही जे कळलेलं नाही ते विचारायची हिंमत झालेली नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हेच.

तरी मी तिला धरून होते, कारण ती माझी होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती हडपसरहून बसने शनिवारवाड्याला उतरायची, चालत आमच्याकडे यायची, आणि आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसायचो. मी लेहरा द्यायची, ती वाजवायची. मग पोहे, मग दुनियेच्या उखाळ्यापाखाळ्या. दर खंडेनवमीला कादंबरी क्लासमधली वाद्यं मांडून पूजा करते आणि मग लहानसा कार्यक्रम होतो. त्यात या वर्षी हिराचं एकटीचं वादन ठरलं. चारचौघांत पहिल्यांदाच. त्या दिवशी तिच्या डाव्या हाताला पेटी घेऊन मी बसणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. कुठली साडी नेसायची तेही मी ठरवून ठेवलं होतं.

आणि श्रावणात हिराचे शुक्रवार चुकायला लागले.

"जरा काम काढलंय घरी," एवढंच सांगायची. मग एका दुपारी फोन. "ताई, पेटी घ्या समोर. सा धरून ठेवा. सोडू नका हं." मी धरला. पलीकडून कानशीने घासल्याचा आवाज. "आता कोमल गंधार." तोही धरला. पाच सूर झाले, मग "थँक्यू" म्हणून फोन ठेवला. माझ्या मनात नको ते आलं. हिने दुसरी पेटीवाली बघितली आहे आणि तिची पेटी माझ्या पेटीशी जुळवून घेते आहे! श्रीनिवासरावांना सांगितलं तर म्हणाले, "मग घटस्फोट घेणार का तुम्ही?"

शेवटी मी चकल्यांचा डबा घेतला आणि न सांगता हडपसरला गेले. पुण्यात न सांगता कुणाकडे जाणं म्हणजे दरोडाच. पण माझा तिळपापड झाला होता.

तिच्या मजल्यावर पोचले आणि दाराबाहेरच थबकले. आत लेहरा चालू होता. चंद्रकंस रागातला, मी तिला देते तोच. ओळ काही माझ्या मालकीची नाही, सगळा क्लास तीच वाजवतो, पण माझ्या घरातलं भांडं दुसऱ्याच्या मोरीत दिसावं तसं मला झालं. आवाज पेटीचा नव्हता. गोल, टणक, देवळातल्या लहान घंटेसारखा. मी बेल दाबली.

हिराने दार उघडलं. कपाळावर चष्मा, हातात सोल्डरिंगचं आयर्न. "अरे वा, ताई! या, या. बरं झालं आलात." चोरी पकडली गेल्याचं काही तोंडावर दिसेना. मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. पेटीवाली नव्हतीच. जेवायच्या टेबलावर एक धूड उभं होतं आणि ते आपलं आपण वाजत होतं.

तिने ते मला दाखवलं तसंच सांगते. मधोमध एक गोल चकती, स्वयंपाकघरातल्या परातीएवढी. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून तिने ती पारदर्शक प्लास्टिकची कापून आणली, काळा रंग दिला आणि मग टोकदार पट्टीने तो रंग जागोजागी खरवडून छोट्या खिडक्या केल्या. चकती फिरवायला गाडीच्या वायपरची मोटर. वर एका डब्यात दिवा, खाली एका पट्टीवर मसुराएवढे पाच डोळे. डोळे तीच म्हणते. खिडकी दिव्याखाली आली की उजेड आरपार जातो आणि खालच्या डोळ्यावर पडतो. त्या डोळ्याला जोडलेला रिले खटकन ओढला जातो आणि एक हातोडी टुणकन उडते. हातोडीच्या टोकाला खोडरबर. ती जाऊन आपटते पडदे टांगायच्या नळीच्या तुकड्यावर. अशा पाच नळ्या, कापून, घासून, दोऱ्याला टांगलेल्या. माझ्याकडून फोनवर सूर घेतले ते यांच्यासाठी. रिले जुन्या बाजारातून शोधून आणले होते, टेलिफोनचेच. ते हातात घेताना तिचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा झाला.

"खिडकी उघडी तर सूर, रंगवून टाकली तर गप्प," ती म्हणाली. "चकतीचा एक फेरा म्हणजे सोळा मात्रा. फेरा संपला की परत पहिल्यापासून. लेहराच की नाही?"

लेहराच होता. आणि वाईट हे की चांगला होता. मला आवडला. काळ्या चकतीतून उजेडाचे ठिपके टेबलावर फिरत होते, त्यांच्या मागोमाग सूर येत होते. मी तो ऐकत उभी होते आणि माझ्या अंगाची आग होत होती.

"पण कशाला?" मी विचारलं. "मी मेले होते का?"

"असं काय बोलता, ताई?"

"मोबाईलवर लेहरा मिळतो फुकट. तो लावायचास. हे एवढं रामायण कशाला?"

"तो दुसऱ्या कुणी केलाय. हा मी केला." तिने मोटर बंद केली. चकती हळूहळू थांबली. मग ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तिच्या त्या शंका विचारायच्या स्वरात म्हणाली, "ताई, तुम्ही मला सांभाळून घेता."

"मग? ते वाईट?"

"मागे एकदा तुमच्याकडे वाजवलेलं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. घरी येऊन मोजलं. तिहाई एक मात्रा आधी संपली होती. आणि तुम्ही तिथेच सा दिला होतात. मला वाटलं, मी बरोबर आले. तुम्ही 'वा' पण म्हणालात." तिने माझ्या डब्यातली एक चकली घेतली. "मग मी तुमच्या सांभाळण्यावरच वाजवत राहिले, ताई. मी कुठे चुकते ते मला कळतच नाही. हे यंत्र माझ्यासाठी थांबत नाही. मी चुकले तर तोंडावर सांगतं."

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. तबल्यातली सगळ्यात मोठी टाळी तिथेच पडते. त्या टाळ्या खोट्या होत्या, असं ही बाई मला माझ्याच चकल्या खात सांगत होती.

"खंडेनवमीला मी यावरच वाजवेन म्हणते," ती म्हणाली.

मी डबा तिथेच ठेवून उठले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. माझ्याहून चांगली पेटीवाली तिने आणली असती तर मी तिला नावं ठेवली असती, सुखाने ठेवली असती. पडद्याच्या नळ्यांना काय नावं ठेवणार? घरी आल्यावर श्रीनिवासरावांनी विचारलं, "कोण निघाली?" मी सांगितलं. ते म्हणाले, "सवत परवडली." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं मला पटलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. हिराने यंत्राचं क्लासमध्ये सांगितलं आणि सगळी पोरंटोरं तिच्याभोवती. कादंबरी तर "हिराताई ग्रेट आहेत!" हे दिवसातून दहादा म्हणायची. मला कुणीतरी म्हणालं, "मग आजी, आता तुम्हाला आराम!" मी म्हटलं, "हो बाळा, थेट वैकुंठात." हिरा मंगळवारची येत राहिली. मी लेहरा देत राहिले. ती चुकली की मी सांभाळून घेत राहिले, आता तर मुद्दाम. पोहे मात्र बंद केले.

खंडेनवमीच्या सकाळी क्लासमध्ये सतरंजीवर वाद्यं मांडली. तबले, डग्गे, तानपुरा, माझी पेटी. हळदीकुंकू लावायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं, वयाने मोठी म्हणून. हिराचा तबला त्या ओळीत नसतो. ती पूजा करत नाही, तिच्या घरात ते नाही, आणि त्यावर आजवर कुणी शब्द काढलेला नाही. पूजेच्या वेळी ती आत चहाचं बघते. दुसऱ्या दिवशी तिचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. पांढरी साडी नेसून ती विहारात जाते, येऊन मला फोन करते, मी तिला शुभेच्छा देते, ती मला दसऱ्याच्या देते. इतकं सरळ आहे आमचं.

यंत्र मंचावर आणून ठेवलं होतं. तिने ते चालवून बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाली आणि आत गेली.

मी एकेका वाद्याला बोट लावत ओळीच्या टोकाला आले. पुढे मंच, मंचावर ती काळी चकती. माझ्या हातात हळदीकुंकवाची कोयरी. आजवर या खोलीत आलेलं प्रत्येक नवं वाद्य माझ्या बोटाखालून गेलं आहे. म्हटलं, तू काय मोठी लागून गेलीस? तूही ये ओळीत. हिराला हे चालणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी चकतीवर कपाळ शोधलं. बाकीच्या खिडक्यांपेक्षा एक जरा मोठी होती, तीच मला कपाळासारखी वाटली. प्लास्टिकवर कुंकू चिकटेना, तेव्हा बोट पाण्यात बुडवून हळद आणि कुंकू दोन्ही चांगलं दाबून लावलं. खिडकी कुठली होती ते मला खरंच माहीत नव्हतं. पण दाबून लावलं ते मुद्दाम, यात शंका नको.

कार्यक्रम सुरू झाला. बाकीच्यांना मी लेहरा दिला. हिराची पाळी आली तेव्हा मी पेटी उचलायला लागले, तर कादंबरी म्हणाली, "असू दे हो तिथेच, परत लागेल." म्हणून मी तशीच बसून राहिले, हिराच्या डाव्या हाताला. माझ्या जागेवर, पण पाहुण्यासारखी.

हिराने बटण दाबलं. चकती फिरली. लेहरा सुरू झाला आणि पहिल्याच फेऱ्याला माझ्या कानाला कळलं की सम नाही. बाकीचे सगळे सूर जागच्या जागी, आणि जिथे सा यायचा तिथे नुसती पोकळी. ती मोठी खिडकी समेची होती. सूर उठून ऐकू यावा म्हणून हिराने मोठी ठेवली होती, आणि मी ती हळदीकुंकवाने बंद केली होती.

हिरालाही कळलं. तिने एकदा यंत्राकडे पाहिलं. वायर सुटली असेल असं तिला वाटलं असावं. दुसरी कुणी असती तर थांबली असती, पण ती हिरा आहे. तिने पोकळीच मोजायला घेतली आणि तबल्यावर हात ठेवला.

सुरुवातीला छान जमलं. समोरचे लोक हातावर मात्रा मोजत होते, समेला टाळी देत होते. आमच्याकडचे श्रोते ऐकायला कमी आणि मोजायला जास्त येतात. मग तिने लांबलचक तिहाई घेतली. एक फेरा गेला, दुसरा गेला, खालून आधार नाही, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा 'धा' पडला तो एक मात्रा आधी. समोरच्या टाळ्या अर्ध्या वर गेल्या आणि तशाच राहिल्या. हिराला मात्र वाटलं, ती आली. मानेला झटका देऊन ती त्या खोट्या समेवरून पुढे निघाली.

माझा हात भात्यावर होता. बोट सा वर. मला एवढंच करायचं होतं, हिराच्या पुढच्या समेवर सा वाजवायचा. लोकांनी म्हटलं असतं, यंत्र चुकलं. पेटीने वाचवलं. हिरा वाचली असती, ते धूड तोंडावर आपटलं असतं, आणि माझी जागा मला परत मिळाली असती. याहून गोड संधी या जन्मी मिळणार नव्हती.

आणि नेमका तेव्हाच तिचा तो स्वर कानात आला. तुम्ही मला सांभाळून घेता. राग असा उसळला की डोळ्यांपुढे काही दिसेना. सांभाळलेलं चालत नाही काय? थांबलेलं चालत नाही? मग घे. मी हिराची सम जाऊ दिली. एक मात्रा थांबले आणि पोकळी आली तिथे, यंत्राच्या खऱ्या समेवर, भरभक्कम सा वाजवला. सवतीच्या बाजूने उभी राहिले, तेही भर सभेत.

हिराची मान गर्रकन वळली. तिचे हात अडखळले. हे सगळ्यांनी पाहिलं, आणि मला आत कुठेतरी गार वाटलं, खोटं का बोलू. पुढचा फेरा तिने साधा ठेका धरला, कुठलीही कलाकुसर नाही, नुसतं ऐकत. सम आली, मी परत तिथेच सा दिला. तिने मान हलवली. आणि मग तीच तिहाई, तशीच लांबलचक, परत उचलली. यंत्राचे पंधरा सूर, माझा एक. तिसऱ्या वेळचा 'धा' माझ्या सा वर असा पडला की दोन्ही आवाज वेगळे काढता आले नसते. जी टाळी पडली ती मी आजवर या खोलीत ऐकलेली नव्हती.

वादन संपल्यावर हिरा उठून चकतीपाशी गेली. वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"हे तुम्ही लावलंत?"

"हो."

"माझ्याकडे हे नाही, तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"तुमच्या पेटीला मी न विचारता कधी हात लावलाय, ताई?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. तिने रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं आणि खिडकी पुसली, घासून घासून, अगदी स्वच्छ होईपर्यंत. रुमाल घडी करून शबनममध्ये टाकला आणि मग ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"सम मात्र आज खरी दिलीत," ती म्हणाली. "चार वर्षांत पहिल्यांदा."

मी ती रागाने दिली होती. तुझं हसं व्हावं म्हणून दिली होती. हे तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात कादंबरी चहा घेऊन आली आणि सगळे यंत्राचे फोटो काढायला धावले. माझ्या पेटीचा कुणी काढला नाही.

"मंगळवारी येते," हिरा म्हणाली. "पण आजच्यासारखंच वाजवायचं. जमेल?"

"बघू," मी म्हटलं.

मंगळवारी ती आली. मी पोहे केले होते, पण ते नंतर. आधी पेटी. ती चुकली तेव्हा माझं बोट आपोआप सरकायला निघालं, मी ते दाबून धरलं. सांभाळून न घेणं किती अवघड असतं ते मला या वयात कळलं. ती परत चुकली, मी परत हलले नाही. मग तिने एक तिहाई सुरू केली ती मी कधी ऐकलेली नव्हती. कादंबरीची नव्हती, क्लासची नव्हती. हिने स्वतः रचली होती. मी चाळीस वर्षं दुसऱ्याची एक ओळ वाजवते आहे आणि ही चार वर्षांत स्वतःचं रचायला लागली! मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. त्या बोटांत आता कसली धास्ती नव्हती, ती माझ्याकडे बघतही नव्हती. शेवटचा 'धा' पडला. बरोबर समेवर पडला.

माझा सा आला तो त्यानंतर. एक मात्रा उशिरा.

तिला थांबता आलं असतं. एक बोल लांबवून मला आत घेता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. ती थांबली नाही. हात चालूच ठेवून, मान वर न करता म्हणाली, "चुकलात, ताई."

चाळीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या सुरांकडे तेवढं कुणाचं लक्षच नव्हतं. मी भाता ओढला आणि पुढची सम पकडली.